पहिल्यांदाच निघताय? मग आधी गावं कमी करा

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं : आयुष्यात पहिल्यांदा लांबच्या प्रवासाला निघायचंय आणि पैसे मोजके आहेत, तर नेमकं कुठे अडतंय? आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. मी एकोणीस वर्षं लोकांची तिकिटं आणि राहण्याच्या सोयी करून देण्याचं काम केलं. पहिल्यांदा निघणारी माणसं लगेच ओळखू यायची. नवाकोरा पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला दोन वेढे रबरबँडचे, आणि सोबत घडी घालून घालून मऊ पडलेला यादीचा कागद. या माणसांचे कष्टाचे पैसे वाया जाऊ नयेत असं मला तेव्हाही मनापासून वाटायचं, आजही वाटतं. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण इतर निम्म्या पत्रांचं उत्तर त्यातच आहे.

प्रश्न : मी २६ वर्षांची आहे. चार वर्षं नोकरी करून, दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून प्रवासासाठी रक्कम साठवली. नऊ दिवसांची रजा मंजूर झाली आहे. मैत्रिणीबरोबर पॅरिस, ॲम्स्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना आणि रोम असं करायचं ठरवलंय. पण अंदाज काढला तर खर्च साठवलेल्या रकमेच्या दीडपट येतोय. कुठे कात्री लावू? हॉटेल आणखी स्वस्त बघू, की जेवणावर हात आखडता घेऊ?

हॉटेलला हात लावू नका, जेवणाला तर नकोच. कात्री गावांना लावा.

पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, एवढे पैसे घालून चाललोच आहोत, तर सगळं बघून घेऊ. ही भावना मला समजते, आणि तिच्यापायीच सगळ्यात जास्त पैसे जातात हेही मी पाहिलंय. प्रवासात पैसा राहण्यापेक्षा हलण्यावर जातो. तुमच्या यादीत पाच शहरं आहेत, म्हणजे चार वेळा बिऱ्हाड हलवणं आलं. कागदावर त्यातलं एकेक हलणं 'दोन तासांचं विमान' एवढंच दिसतं. आता तो दिवस घड्याळ लावून मांडून बघा. खोली सकाळी दहा-अकराला सोडायची. विमानतळ गावाबाहेर, तिथे पोचायला तास-दीड तास. उड्डाणाच्या दोन तास आधी हजर. उतरल्यावर पुन्हा तास-दीड तास. नव्या जागी खोली दुपारी दोन-तीननंतरच ताब्यात मिळते, त्याआधी पोचलात तर बॅगा कुठे ठेवायच्या हा प्रश्न. एका दिवसातला चांगला अर्धा दिवस यात गेला. असे चार, म्हणजे नऊ दिवसांतले दोन दिवस तुम्ही रांगांमध्ये घालवणार, आणि तेही चार तिकिटं, आठ वेळा विमानतळाची ये-जा आणि बॅगेचं वेगळं शुल्क भरून.

तुमच्या जागी मी असते तर प्राग आणि व्हिएन्ना ही दोनच ठेवली असती. दोन्हींमध्ये थेट रेल्वे आहे, साधारण चार तासांची, आणि स्टेशनं शहरातच आहेत. विमानाचं तिकीट प्रागला जाणारं आणि व्हिएन्नाहून परत येणारं काढा. तिकिटांच्या संकेतस्थळावर 'जाऊन-येऊन' हा पर्याय आधीच निवडलेला असतो, म्हणून लोक त्याच शहरात परत जातात आणि एक उलटा प्रवास विनाकारण करतात. शेजारीच 'मल्टी-सिटी' असा पर्याय असतो, तो दाबा. पुष्कळदा भाडं जाऊन-येऊन तिकिटाच्या आसपासच निघतं. पॅरिस आणि रोम कुठे जात नाहीत, पुढच्या रजेला ठेवा.

आता हिशेब. मी वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारते. डावीकडे निघण्याआधी जाणारे पैसे : विमान, व्हिसा, विमा, राहणं, गावांमधली रेल्वे. उजवीकडे तिथे रोज जाणारे : जेवण, गावातली बस-ट्राम, प्रवेशशुल्क, किरकोळ. साठवलेल्या रकमेचे शंभर भाग धरा आणि रेघ मारण्याआधीच दहा भाग बाजूला काढा. ते वहीत लिहूच नका. आजारपण, चुकलेली गाडी, हरवलेला चष्मा यासाठी ते आहेत. उरलेल्या नव्वदातून डावी बाजू वजा करा, जे राहील त्याला दिवसांनी भागा. आलेला आकडा हा तुमचा रोजचा आकडा. तिथे पोचल्यावर फक्त तेवढाच लक्षात ठेवायचा असतो, त्यामुळे दर वेळी पाकीट काढताना जीव दडपत नाही. हा आकडा फारच लहान आला तर एक रात्र कमी करा. रोज पोटाला चिमटा घेऊन नववा दिवस गाठण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

दोन खर्च लोक हमखास विसरतात. तिथे गेल्यावर भरायचे असले तरी ते डाव्या बाजूलाच धरा. एक, पर्यटकांवरचा स्थानिक कर. तो काही ठिकाणी बुकिंगच्या रकमेत धरलेला नसतो आणि जागेवर भरावा लागतो. ॲम्स्टरडॅममध्ये २०२४ पासून तो खोलीच्या भाड्याच्या १२.५ टक्के आहे, म्हणजे आठ रात्रींचे पैसे देताना एक रात्र करापोटी गेली असं समजा. दुसरा, विमानतळावरून गावात येण्याचा. स्वस्त विमानं बऱ्याचदा लांबच्या विमानतळावर उतरतात. पॅरिस-बोव्हे म्हणून विकलं जाणारं विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर आहे. फ्रँकफर्ट-हान तर फ्रँकफर्टपासून १२० किलोमीटरच्या आसपास. नावात शहर आहे म्हणून विमान शहरात उतरेल असं नाही.

हे मी स्वतः भोगलंय. माझ्या पहिल्या प्रवासात मी सगळ्यात स्वस्त तिकीट घेतलं, ते रात्री पाऊण वाजता उतरणारं होतं. बाहेर आले तर बसथांब्यावर माणूस नाही. ट्यूबलाइटखाली वेळापत्रकाची काच होती, तिच्यावर किडे बसलेले. मी बोटाने ओळी मोजत खाली आले. शेवटची ओळ २३:५०. पुढची बस सकाळी सव्वापाचला. टॅक्सीवाल्याला दिलेले पैसे दोन रात्रींच्या भाड्याहून जास्त होते. तिकिटात वाचवलेले सगळे त्यात गेले, वर खिशातले गेले. तेव्हापासून तिकीट घेण्याआधी मी एकच गोष्ट बघते : हे विमान उतरल्यानंतर दीड तासाने तिथून गावात जाणारी बस किंवा रेल्वे आहे का? नसेल तर ते तिकीट स्वस्त नाही.

व्हिसाचं थोडक्यात. तुम्हाला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) लागत असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी व्हायलाच हवा. दीड-दोन महिने हातात ठेवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि तिथून निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अर्ज ज्या देशात जास्त रात्री आहेत त्याच्याकडे, रात्री सारख्या असतील तर आधी ज्या देशात पाऊल ठेवणार त्याच्याकडे. व्हिसा हातात येईपर्यंत राहण्याची जागा रद्द करता येणारीच घ्या, भले थोडी महाग पडो. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. एका अक्षराच्या दुरुस्तीला नव्या तिकिटाएवढे पैसे मोजलेली माणसं माझ्यासमोर बसली आहेत.

प्रश्न : विमानाचं तिकीट मंगळवारी रात्री काढलं की स्वस्त मिळतं असं ऐकलं. खरं आहे का? आम्ही चौघं आहोत.

वार बघत बसू नका. तिकीट कोणत्या वारी काढता यापेक्षा कोणत्या वारी उडता याने जास्त फरक पडतो. शुक्रवार-रविवार सगळ्यांनाच हवे असतात. आठवड्याच्या मधले दिवस आणि अगदी पहाटेची विमानं मागे राहतात.

भाडं वरखाली का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे अफवांवर विसंबावं लागणार नाही. अमेरिकेने १९७८ मध्ये विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा केला. कंपन्यांना आपापले दर ठरवायची मोकळीक मिळाली आणि एकाच विमानातल्या सारख्याच खुर्च्या वेगवेगळ्या भावाने विकण्याचं तंत्र त्यानंतर झपाट्याने पक्कं झालं. आजही एका वर्गातल्या खुर्च्यांचे गट पाडलेले असतात. प्रत्येक गटाला एक अक्षर आणि एक भाव. स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो.

यातून तुमच्या कामाची एक गोष्ट निघते. तुम्ही चार जणांसाठी शोधता आणि स्वस्त गटात तीनच खुर्च्या उरल्या असतील, तर बऱ्याच प्रणाली चौघांनाही पुढच्या गटाचा भाव दाखवतात. म्हणून आधी एकासाठी शोधा, मग दोघांसाठी, मग चौघांसाठी. भाव कुठे उडी मारतो ते दिसेल. तिथे तिकिटं दोन तुकड्यांत काढा. सोबत लहान मूल असेल तर मात्र ते आणि एक मोठं माणूस एकाच बुकिंगमध्ये असू द्या.

तारखा हलवता येत असतील तर त्याहून मोठी बचत आठवडा बदलण्यात आहे. गर्दीच्या हंगामाच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन आठवडे, त्यांना आम्ही कामावर 'कडेचे आठवडे' म्हणायचो. हवा जवळपास तीच असते, खोल्या मात्र रिकाम्या व्हायला लागलेल्या असतात. जिथे जाणार तिथल्या शाळांच्या सुट्या आणि मोठे सण आधी बघा. जपानला एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या सुरुवातीला गेलात तर गोल्डन वीकमुळे, म्हणजे तिथल्या लागोपाठच्या सुट्यांमुळे, अख्खा देश प्रवासात असतो. तोच प्रवास दोन आठवडे पुढे ढकलला की चित्र बदलतं.

आणि दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं जोडून स्वतःच मार्ग बनवू नका, निदान पहिल्या वेळी नको. एकाच बुकिंगमध्ये पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं, तर पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. वेगळ्या तिकिटांत दुसरी कंपनी तुम्हाला ओळखतही नाही.

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. एकटीनेच पाच दिवस जायचंय. खोलीचं भाडं परवडत नाही म्हणून हॉस्टेलमध्ये खाट घ्यायचा विचार आहे. घरचे घाबरले आहेत. मलाही थोडी भीती वाटते. काय करू?

तुझ्या घरच्यांना हॉस्टेल म्हणजे काय हे कदाचित माहीत नसेल, तर तिथून सुरुवात कर. ही कल्पना एका शिक्षकाची आहे. जर्मनीतले रिखार्ड शिरमान १९०९ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले असताना वादळात सापडले आणि त्यांनी रात्र एका शाळेत काढली. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांमध्ये मुलांची झोपायची सोय का होऊ नये, असं त्यांना वाटलं. पुढे १९१२ मध्ये आल्टेना इथल्या किल्ल्यात पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल उभं राहिलं. म्हणजे ही जागा मुळात तरुण मुलामुलींनी कमी पैशांत सुरक्षित राहावं यासाठीच तयार झाली.

तरी सगळी हॉस्टेलं सारखी नसतात, म्हणून निवडताना बारकाईने बघ. फक्त मुलींसाठीची डॉर्मिटरी आहे का? रिसेप्शनवर चोवीस तास माणूस असतो का? प्रत्येक खाटेला कुलूप लावता येईल असा लॉकर आहे का? कुलूप बहुतेक ठिकाणी आपलंच न्यावं लागतं, छोटं मजबूत घे. सगळ्यात स्वस्त खाट बारा-सोळा जणींच्या खोलीत असते. पहिल्या वेळी चार-सहा खाटांची खोली घे, थोडा फरक पडतो पण झोप लागते. लोकांचे अभिप्राय वाचताना एकूण गुणांवर जाऊ नकोस. गेल्या दोन-तीन महिन्यांतले, तुझ्यासारख्या एकट्या मुलींनी लिहिलेले, आणि त्यातही कमी गुण देणारे आधी वाच. गरम पाणी नव्हतं अशी तक्रार असेल तर चालेल. रात्री दार उघडंच असायचं अशी असेल तर ती जागा सोडून दे.

एक गोष्ट मी डॉर्मिटरीत झोपूनच शिकले. पहाटे पाचला निघणारी एक मुलगी अंधारात सामान भरत होती. तिने सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवलेलं. एकेक पिशवी उघडताना जो चुरचुर आवाज होतो, तो त्या शांततेत केवढा वाटला सांगू! सहाही जणी जाग्या झाल्या, आणि तिला इतकं ओशाळल्यासारखं झालं की घाईत ती टॉवेल खाटेच्या दांडीवर तसाच विसरून गेली. तेव्हापासून मी कपड्यांसाठी जुन्या ओढणीच्या शिवलेल्या पिशव्या नेते आणि पहाटे निघायचं असेल तर रात्रीच बॅग दाराशी लावून ठेवते. सोबत कानात घालायचे बोळे, डोळ्यांवरची पट्टी आणि आंघोळीला जाताना घालायच्या रबरी सपाता असू देत.

घरी तुझ्या मुक्कामांचे पत्ते, विमान-रेल्वेचे क्रमांक आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत देऊन जा. रोज एका ठरलेल्या वेळी फोन करीन असं सांग आणि ती वेळ पाळ. घरच्यांना धीर द्यायला शंभर गोष्टी समजावून सांगण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. पहिल्या दिवशी उजेडात पोचशील असं बघ. पाच दिवस एकाच गावात राहा. तिसऱ्या दिवशी रस्ते ओळखीचे होतात आणि एकटीने फिरताना ती ओळखच मोठा आधार असते.

प्रश्न : परदेशात कार्ड वापरावं की रोख न्यावी? कुठे फसगत होते?

दोन्ही. दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली, आणि पहिल्या दिवसापुरती रोख. निघण्याआधी कार्डावर परदेशातले व्यवहार सुरू आहेत का ते तपासा आणि प्रत्येक व्यवहारावर बँक किती टक्के घेते ते विचारून घ्या.

फसगत एका ठिकाणी होते, आणि तीही पूर्णपणे कायदेशीर. दुकानदार यंत्र पुढे करतो, पडद्यावर दोन रकमा दिसतात. एक तिथल्या चलनात, दुसरी तुमच्या देशाच्या चलनात. आपलं चलन दिसलं की हायसं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. तसं करू नका. तिथला विनिमय दर यंत्रवाल्यांनी ठरवलेला असतो आणि त्यात त्यांचा वाटा धरलेला असतो. नेहमी तिथलंच चलन निवडा, म्हणजे रूपांतर तुमच्या कार्डाच्या दराने होईल. एटीएमवरही हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो, 'रूपांतर स्वीकारा की नाकारा'. नाकारा म्हटलं की व्यवहारच रद्द होईल अशी धास्ती वाटते. होत नाही, पैसे येतात.

आणखी एक : हॉटेलवाले किंवा भाड्याची गाडी देणारे अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड दिलं तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला काही दिवस जातात. रोजच्या खर्चाचे पैसे ज्या कार्डात आहेत ते अनामतीला देऊ नका.

प्रश्न : आम्ही दोघं साठीच्या पुढचे. मुलं म्हणतात सहल कंपनीबरोबर जा. पण स्वतः ठरवलं तर स्वस्त पडेल असं वाटतं. आयुष्यात पहिलीच सहल आहे. काय योग्य?

सहल कंपनी महाग आणि स्वतः ठरवलेलं स्वस्त, असा सरसकट नियम नाही. संघटित सहलींची गोष्ट सुरू झाली तीच स्वस्ताईतून. ५ जुलै १८४१ रोजी इंग्लंडमध्ये थॉमस कुक यांनी लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसं दारूबंदीच्या सभेसाठी रेल्वेने नेली, माणशी एक शिलिंग घेऊन. रेल्वेला पाचशे उतारू एकदम मिळाले म्हणून भाडं उतरलं. आजही गटाला खोल्या आणि बस घाऊक भावात मिळतात.

म्हणून पॅकेजच्या किमतीवर अडू नका, त्याचा कार्यक्रम बघा. हातात पेन्सिल घ्या आणि रोजच्या कार्यक्रमासमोर बसमध्ये किती तास जाणार ते लिहा. कंपनी सांगत नसेल तर नकाशावर अंतर बघून अंदाज करा. रोज पाच-सहा तास निघत असतील तर ती सहल बसच्या खिडकीतून बघायची आहे. साठीनंतर गुडघे आणि कंबर तिसऱ्या दिवशी बोलायला लागतात. त्याच पैशांत एका गावी सहा-सात रात्री, जेवणासकट, अशी सहल मिळते. मला तुमच्यासाठी तीच योग्य वाटते. 'समाविष्ट नाही' या मथळ्याखालचा बारीक मजकूर भिंग घेऊन वाचा. दुपारची जेवणं, काही ठिकाणांची प्रवेशशुल्कं, व्हिसा हे सगळं पुष्कळदा तिथे असतं.

पैसे भरण्याआधी विचारा, कंपनी बुडाली तर काय? थॉमस कुक यांच्याच नावाची ब्रिटनमधली जुनी कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बंद पडली, तेव्हा दीड लाखांच्या आसपास ब्रिटिश पर्यटक परदेशात होते. त्यांना सरकारी यंत्रणेने परत आणलं आणि पॅकेज घेतलेल्यांना संरक्षण योजनेचा आधार मिळाला. अशी सोय सगळीकडे नसते. म्हणून सगळी रक्कम आधी देऊ नका, हप्त्यांनी द्या, आणि प्रत्येक पावतीवर कशासाठी किती हे लिहून घ्या. विम्याच्या अर्जात रक्तदाब, मधुमेह जे असेल ते खरं लिहा. लपवलेला आजार निघाला तर दावा नाकारला जातो. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा.

प्रश्न : बॅगेचं वजन, पॉवर बँक, बाटल्या यांचे नियम ऐकून डोकं गरगरतंय. थोडक्यात सांगाल?

सांगते. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत कधीच नाही. १०० वॉट-अवर (Wh) पर्यंतची सहसा परवानगीशिवाय चालते. त्यावर फक्त एमएएच (mAh) लिहिलं असेल तर त्या आकड्याला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-अवर होते, म्हणजे चालेल. द्रव पदार्थ हातातल्या बॅगेत १०० मिलिलीटरपर्यंतच्या बाटल्यांतच. २००६ पासूनचा हा नियम काही विमानतळांनी नव्या यंत्रांमुळे सैल केलाय, पण परतताना कोणतं यंत्र असेल त्याचा भरवसा नाही, तेव्हा लहान बाटल्याच न्या. हातातल्या बॅगेची मापं कंपनीगणिक बदलतात आणि त्यात चाकं आणि मूठही मोजली जाते. घरीच टेप लावा. विमानात चढताना दारात भरावं लागणारं बॅगेचं शुल्क आधी भरलेल्यापेक्षा जवळपास नेहमीच जास्त असतं.

मोठी बॅग फुटून आली किंवा आलीच नाही, तर विमानतळाबाहेर पडण्याआधी काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाबद्दलच्या १९९९ च्या माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या बॅगेची एकवीस दिवसांत करावी लागते. बॅग बंद करण्याआधी आतला आणि बाहेरचा एकेक फोटो काढून ठेवा.

प्रश्न : खर्च कमी ठेवायचाय. खिडकीची जागा निवडायला वेगळे पैसे पडतात. घेऊ का, की जी मिळेल ती चालेल? कधीच विमानात बसलो नाही.

दोघं-तिघं असाल आणि शेजारी बसणं महत्त्वाचं नसेल, तर एरवी मी म्हणते पैसे घालू नका. चेक-इन (उड्डाणाआधी कंपनीकडे हजेरी लावून बोर्डिंग पास घेणं) सुरू होताच करा, कधीकधी खिडकी फुकटच मिळते.

पण तुम्ही कधीच बसलेला नाहीत. घ्या. जातानाची तेवढी घ्या, येतानाची राहू दे. विमान दिवसा उडणारं असेल तर पंखाच्या बरोबर वरची ओळ टाळा, तिथून खाली पंखच दिसतो. आणि पैसे भरण्याआधी त्या विमानाचा आसनांचा नकाशा नीट बघा : काही विमानांत एखाद्या ओळीला खिडकीची जागा म्हणतात, पण तिथे भिंतच असते.